विमानाचं हायड्रॉलिक बसलं तर पायलटच्या हातात काय उरतं?

हिंगणा_प्रेस

नमस्कार मंडळी. माझं नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत शीट मेटलचं छोटं युनिट आहे. दोन हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) प्रेस, एक पत्रा वाकवायचा प्रेस ब्रेक. पॉवर पॅक (तेलाची टाकी आणि पंप), होज (तेलाचे लवचिक पाइप), सील, रिलीफ व्हॉल्व्ह यांच्यातच माझा दिवस जातो, म्हणून हा प्रश्न डोक्यातून जाऊन नाही राहिला.

मागे पुण्याला कस्टमरकडे जायचं होतं. सकाळचं विमान, एअरबस ए-३२०, सीट पंखाच्या थोडी मागे. दरवाजे लागले, विमान मागे ढकललं आणि पायाखालून आवाज सुरू झाला. कुत्रं भुंकल्यासारखा. मध्येच थांबे, पुन्हा सुरू. बाजूला बसलेले काका चांगलेच घाबरले. मला आवाज ओळखीचा वाटला, पंपावर लोड येऊन सुटते तेव्हा असाच येते. पण पंप अशी धरसोड काहून करून राहिला, ते काही समजलं नाही.

मग पुण्यापर्यंत तेच डोक्यात. आमच्याकडे होज फुटला की २१० बारवरून काटा शून्यावर यायला क्षण लागत नाही. रॅम, म्हणजे प्रेसचा दाबणारा भाग, आहे तिथे उभा, फरशीवर तेल. आम्ही भुसा टाकतो, बर्डीच्या बाजारातून नवीन होज क्रिम्प करून आणतो आणि संध्याकाळपर्यंत मशीन चालू. विमान हवेत थांबवून होज बदलता येत नाही. पंखावरचे आणि शेपटीवरचे हलणारे भाग जर तेलाच्या प्रेशरवरच हलत असतील, तर पाइप फुटल्यावर पायलट करते काय?

तीन सिस्टम असतात असं वाचलं. पण तीन असल्या तरी तिन्ही एकदम जाऊ शकत नाहीत का? माझ्या दोन्ही प्रेस आधी एकाच पॉवर पॅकवर होत्या, तेव्हा एका होजपायी दोन्ही बसायच्या.

नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमध्ये काम करणारं, विमानाला प्रत्यक्ष हात लावलेलं कोणी इथे असेल तर सांगा.

धरमपेठ_पुणे_धरमपेठ

भाऊ, मी कामासाठी सारखा याच मार्गावर असतो. तो आवाज ए-३२० मध्ये नेहमीचा आहे, बिघाड नाही. एकदा एअर होस्टेसला विचारलं तर तिनेही हेच सांगितलं. आणि सिस्टम तीन असतात हे बरोबर, एक गेली तर दुसरी आहे, दुसरी गेली तर तिसरी. एवढं टेन्शन काहून घेऊन राहिले?

सोनेगाव_एएमई

हिंगणेकर, प्रश्न नेमका विचारलात म्हणून सविस्तर लिहितो. मी विमानांचा मेंटेनन्स इंजिनिअर. अख्खी नोकरी मुंबईच्या हँगरमध्ये गेली, आता सोनेगावला राहतो. हायड्रॉलिक हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

आधी तो आवाज. ए-३२० मधल्या तीन सिस्टमना रंगांची नावं आहेत: हिरवी, निळी, पिवळी. हिरवीचा पंप डाव्या इंजिनवर, पिवळीचा उजव्या इंजिनवर, निळीचा विजेवर. हिरवी आणि पिवळीच्या मध्ये पॉवर ट्रान्सफर युनिट असतं, आम्ही त्याला पीटीयू म्हणतो. दोन्हीकडच्या दाबात ५०० पीएसआयपेक्षा (पीएसआय हे दाबाचं माप) जास्त फरक पडला की ते आपोआप फिरायला लागतं आणि कमी दाबाच्या बाजूला दाब देतं. इंजिनं एकामागून एक सुरू होताना असा फरक पडतोच. दाब चढला की पीटीयू थांबतं, उतरला की पुन्हा फिरतं. तुमच्या कानाने बरोबर ओळखलं. आता यातली खरी कारागिरी बघा. पीटीयूमध्ये एका बाजूला हायड्रॉलिक मोटर, दुसऱ्या बाजूला पंप, आणि दोघांना जोडणारा शाफ्ट. एका सिस्टमच्या तेलाचा थेंबसुद्धा दुसरीत जात नाही, जातो तो फक्त फिरण्याचा जोर. हिरवीला भोक पडलं तर पिवळीचं तेल त्या भोकातून वाहून जाऊ नये म्हणून हे असं केलंय.

म्हणजे दाब जाणं आणि तेल जाणं हे दोन वेगळे आजार आहेत. पंप बसला पण टाकीत तेल आहे, तर पीटीयू किंवा विजेचा पंप ती सिस्टम उचलून धरतो. तेलच गेलं तर ती सिस्टम त्या फ्लाइटपुरती संपली. तेव्हा पीटीयूसुद्धा बंद करावं लागतं, नाहीतर कोरडी बाजू फिरवत बसून ते तापतं.

धरमपेठवाल्यांनी लिहिलंय ते खोटं नाही. पण ‘तीन आहेत’ एवढ्यावर माझं कधीच समाधान झालं नाही. मी आधी बघतो की तिन्हींचे पाइप कुठे एकमेकांच्या जवळ येतात. यामागे माणसांचे जीव गेलेले आहेत, म्हणून इथे थोडं थांबून सांगतो.

१९ जुलै १९८९. अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-१०, फ्लाइट २३२, डेन्व्हरहून शिकागोला निघालेलं. या विमानाची दोन इंजिनं पंखांखाली आणि एक शेपटीत. शेपटीतल्या इंजिनच्या फॅनची टायटॅनियमची डिस्क हवेत फुटली. धातू तयार होतानाच तिच्यात दोष राहिला होता, तिथून तडा वाढत गेला आणि तपासणीत तो नजरेतून सुटला. तुकडे शेपटीतून आरपार गेले. डीसी-१० ला तीन स्वतंत्र सिस्टम होत्या, टाक्या वेगळ्या, पंप वेगळे, कागदावर काही खोट काढता आली नसती. पण शेपटीचे कंट्रोल हलवायचे तर तिन्हींचे पाइप शेपटीत आणावेच लागतात, आणि नेमके तिथेच घाव बसला. काही मिनिटांत तिन्हींचं तेल गेलं. नुसत्या हाताच्या जोरावर कंट्रोल हलवायची सोय त्या विमानात नव्हती.

कॅप्टन अल हेन्स आणि त्यांच्या क्रूने उरलेली दोन इंजिनं हाताशी धरली. प्रवाशांत डेनिस फिच नावाचे डीसी-१० चे प्रशिक्षक पायलट होते. ते कॉकपिटमध्ये येऊन दोन्ही थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमीजास्त करणारे दांडे, सांभाळत राहिले. डावीकडचा जोर वाढवला की विमान उजवीकडे वळायला बघतं, उजवीकडचा वाढवला की डावीकडे. दोन्ही वाढवले की नाक हळूहळू वर येतं. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. इंजिनला जोर धरायला काही सेकंद जातात आणि तोवर विमान स्वतःच्या लयीत वरखाली होत असतं: नाक वर, वेग कमी, नाक खाली, वेग जास्त, पुन्हा नाक वर. ते वर येईपर्यंत थांबलात तर उशीर होतो, आधीच ओळखून जोर द्यावा लागतो. असं पाऊण तास करत त्यांनी विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. टेकताना उजव्या पंखाचं टोक आधी लागलं, विमान मोडलं, पेटलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. त्या अवस्थेतल्या विमानाच्या मानाने हा आकडा फार मोठा आहे असं मी आजही म्हणतो.

त्याआधी १२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सचं ७४७, फ्लाइट १२३. त्याला तर चार सिस्टम. १९७८ मध्ये शेपूट धावपट्टीला घासलं होतं, तेव्हा मागच्या प्रेशर बल्कहेडची, म्हणजे केबिनची हवा अडवणाऱ्या मागच्या भिंतीची, दुरुस्ती झाली. जोडपट्टी चुकीची बसली आणि जो भार रिव्हेटच्या दोन ओळींनी घ्यायचा तो एकाच ओळीवर आला. सात वर्षांनी बल्कहेड फाटलं, केबिनची हवा शेपटीत घुसली आणि उभ्या शेपटीचा मोठा भाग उडाला. चारही सिस्टमचे पाइप तिथेच. पायलटांनी सुमारे ३२ मिनिटं विमान हवेत टिकवलं. ५२४ पैकी चौघं वाचले.

सू सिटीनंतर डीसी-१० च्या एका सिस्टममध्ये अशी झडप बसवली की शेपटीतला पाइप तुटला तर ती बंद व्हावी आणि तिच्या पुढचं तेल जागेवर राहावं. हायड्रॉलिक फ्यूज म्हणून जो भाग असतो त्याचं कामही याच जातीचं: ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त तेल एकदम वाहायला लागलं की तो लाइन बंद करतो. आणि पाइप कुठून न्यायचे, इंजिनची डिस्क फुटली तर तुकडे कुठल्या पट्ट्यात उडतील, हे डिझाइन करतानाच आखून तिन्ही सिस्टम त्या पट्ट्यात एकत्र येऊ नयेत असं बघितलं जातं.

ए-३२० च्या प्रत्येक एलेरॉनला, म्हणजे पंखाच्या टोकाजवळच्या फळीला, दोन अ‍ॅक्चुएटर (फळी हलवणारे सिलिंडर) असतात, एक हिरवीवर आणि एक निळीवर. एका वेळी एकच काम करतो. दुसऱ्याचे दोन्ही पोर्ट (तेलाची तोंडं) ऑरिफिसमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे तो अडवत नाही, सोबत सरकतो. पहिल्याचा दाब गेला की दुसरा काम हातात घेतो. दोन्हींचा गेला तर आत अडकलेलं तेल ऑरिफिसमधून रेटत फळी जड हलते, वाऱ्यात फडफडून पंख तोडत नाही. डाव्या एलिव्हेटरला (नाक वरखाली करणारी शेपटीची आडवी फळी) हिरवी आणि निळी, उजव्याला पिवळी आणि निळी, रडरला (उभ्या शेपटीची फळी) तिन्ही. कुठलीही एक सिस्टम काढून बघा, प्रत्येक फळीला कोणी ना कोणी वाली उरतो.

हँगरमधलं आमचं काम मात्र या नकाशापेक्षा खूप बारीक असतं. रात्री व्हील वेलमध्ये, म्हणजे चाकं आत जातात त्या पोकळीत, टॉर्च आणि आरसा घेऊन शिरायचं. विमानाचं तेल स्कायड्रॉल, रंग जांभळा, सहजी पेट घेत नाही म्हणून वापरतात. पण कातडीला लागलं तर चरचरतं आणि डोळ्यात गेलं तर माणूस कळवळतो. नटाखाली जांभळा थेंब दिसला की तो पुसायचा, दाब द्यायचा आणि पुन्हा येतो का ते बघायचं. याहून चोरटी जागा क्लॅम्पची. क्लॅम्पच्या आतलं रबर झिजलं की पाइप धातूवर घासायला लागतो. गळती कुठेच नसते, नुसती बोटभर चकाकी दिसते. तिच्यावरून नख फिरवायचं, नख अडकलं तर खोली मोजायची आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेबाहेर असेल तर पाइप बदलायचा. सकाळची फ्लाइट आहे, पुढच्या चेकला बघू, असं म्हणणाऱ्याला मी सही करू दिली नाही. घासलेला पाइप ३००० पीएसआय अंगावर घेऊन उभा असतो. तुमच्या हिशेबात साधारण २०७ बार, म्हणजे तुमच्या प्रेसएवढेच.

हिंगणा_प्रेस

साहेब, हात लावलेला माणूस काय सांगते ते आज कळलं. पोर्ट ऑरिफिसने जोडून ठेवायची गोष्ट तर मी कारागिराला बोलावून वाचून दाखवली.

दोन गोष्टी अजून विचारतो. दोन्ही इंजिनं बंद पडली तर पंप कोण फिरवते? आणि दोन सिस्टम गेल्या, एकच उरली, तर विमान चालवताना पायलटला काय जाणवते?

मनीषनगर_एफओ

याचं उत्तर मी देते. मी ए-३२० वर को-पायलट आहे, घर मनीष नगरला.

दोन्ही इंजिनांची वीज गेली की पोटाखालून एक छोटा पंखा बाहेर पडतो, रॅम एअर टर्बाइन. समोरून येणाऱ्या हवेने तो फिरतो आणि निळ्या सिस्टमला सुमारे २५०० पीएसआय दाब देतो. त्याच दाबावर इमर्जन्सी जनरेटरही चालतो. निळीवर दोन्ही एलेरॉन, दोन्ही एलिव्हेटर आणि रडर हलतात, म्हणून विमान हातात राहतं.

दोन सिस्टम जाण्याचा सराव सिम्युलेटरमध्ये करून घेतात. सगळ्यात अवघड मला हिरवी आणि पिवळी एकत्र जाणं वाटतं. विमान वळतं, नाक वरखाली होतं, पण बाकीचं एकेक हातातून सुटत जातं. मागचा आडवा स्टॅबिलायझर आहे तिथेच अडकतो. फ्लॅप, म्हणजे कमी वेगात विमान तोलून धरायला पंखाच्या मागून निघणाऱ्या फळ्या, हलत नाहीत. पंखाच्या पुढच्या कडेच्या तशाच फळ्या, स्लॅट, निळीवर निघतात, पण निम्म्या वेगाने. फ्लॅप नाहीत म्हणजे वेग जास्त ठेवून उतरायचं. चाकं हिरवीवर असतात, ती वजनाने खाली सोडावी लागतात: दोघांच्या सीटमध्ये मागच्या बाजूला जमिनीत एक हँडल आहे, ते उचलून तीन वेळा फिरवायचं की कुलपं सुटतात आणि चाकं पडतात. ती परत वर घेता येत नाहीत, म्हणून घाई करायची नाही. चाकं खाली आली की कॉम्प्युटरचं संरक्षण कमी होतं आणि स्टिक जेवढी हलवाल तेवढी फळी थेट हलते. हात फार हलका ठेवावा लागतो.

जमिनीवर आल्यावरही सुटका नाही. दोन्ही इंजिनांचे रिव्हर्सर (इंजिनाचा जोर उलटा फिरवून वेग कमी करणारे) गेलेले, पुढचं चाक वळवता येत नाही आणि ब्रेकला फक्त अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये साठवलेला दाब. पेडल सातेक वेळा पूर्ण दाबता येईल एवढा. चाक घसरू न देणारं अँटी-स्किड नसतं, म्हणून काट्याकडे बघत १००० पीएसआयच्या आत एकदाच दाबायचं आणि धरून ठेवायचं. सोडत-दाबत बसलात तर दाब संपतो. अशा वेळी धावपट्टी लांब हवी. आपल्या नागपूरची ३,२०० मीटर आहे आणि देशाच्या मधोमध असल्याने वरून जाणाऱ्यांनाही ती जवळ पडते, याचं मला फार बरं वाटतं.

कॅप्टन आणि मी मिळून हे करतो तेव्हा निम्मा वेळ चेकलिस्ट वाचण्यात जातो, आणि तो जाऊ द्यावा. एक सिस्टम शाबूत असेल तर विमान तुम्हाला वेळ देतं.

हिंगणा_प्रेस

ताई, धन्यवाद. अ‍ॅक्युम्युलेटर संपू नये म्हणून पेडल एकदाच दाबून धरायचं हे अगदी पटलं. आता शेवटचं. तेलामुळे एवढी भानगड, तर तेल काढूनच काहून नाही टाकत? सगळं मोटरवर करून टाकायचं.

सोनेगाव_एएमई

ताईंनी कॉकपिटमधून लिहिलं, ते आमच्यासारख्यांना लिहिता आलं नसतं.

तेल नसलेली सोय काही विमानांत पहिल्यापासून आहे. एटीआर नागपूरला तुम्ही पाहिलं असेल, पंखा असलेलं. त्याचे एलेरॉन, एलिव्हेटर, रडर केबलनेच हलतात, हायड्रॉलिक चाकं, फ्लॅप, ब्रेक असल्या कामांना. बोइंग ७३७ मध्ये दोन्ही मुख्य सिस्टम गेल्या तरी एलेरॉन आणि एलिव्हेटर केबलने हाताच्या जोरावर हलवता येतात. दमछाक होते, पण हलतात. रडरला वेगळी स्टँडबाय सिस्टम आहे. मोठ्या विमानात मात्र हवेचा जोरच एवढा की माणसाचा हात पुरत नाही.

निव्वळ मोटर आणि स्क्रू लावावा तर स्क्रू अडकायची भीती. सिलिंडरचा दाब गेला की तो मोकळा सरकतो, अडकलेला स्क्रू फळीला तसाच पकडून ठेवतो. म्हणून मधला मार्ग निघाला. ए-३८० मध्ये ५००० पीएसआयच्या दोनच हायड्रॉलिक सिस्टम आहेत, आणि तिसरीच्या जागी काही अ‍ॅक्चुएटर असे की प्रत्येकात स्वतःची छोटी मोटर, स्वतःचा पंप आणि स्वतःचं थोडंसं तेल. पॉवर पॅक सिलिंडरवरच बसवलेला. तिथपर्यंत पाइप नाही, फक्त वायर जाते. एकाचं तेल गेलं तर त्या एकाचंच जातं. तुम्ही विचारलंत ते बऱ्याच अंशी झालेलं आहे.

नासाने आणखी एक करून दाखवलं. २९ ऑगस्ट १९९५ ला एडवर्ड्सच्या तळावर एमडी-११ उतरवलं, कंट्रोलच्या फळ्यांना हात न लावता, कॉम्प्युटरने फक्त इंजिनांचा जोर कमीजास्त करून. पायलट गॉर्डन फुलर्टन. फिच यांनी सू सिटीला हाताने केलं ते मशीन सफाईने करू शकतं हे सिद्ध झालं, तरी प्रवासी विमानांत ते नेहमीसाठी आलं नाही, याची मला खंत आहे. गरज तर पुन्हा पडली. २२ नोव्हेंबर २००३ ला बगदादहून निघालेल्या डीएचएलच्या ए-३०० मालवाहू विमानाच्या डाव्या पंखावर क्षेपणास्त्र आदळलं, तिन्ही सिस्टम गेल्या, पंख जळत होता. तिघांच्या क्रूने थ्रॉटलवर ते परत बगदादलाच सुखरूप उतरवलं.

आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं, तिन्ही एकदम जाऊ शकतात का याचं, मला सगळ्यात भावणारं उत्तर ४ नोव्हेंबर २०१० चं आहे. क्वांटासचं ए-३८०, फ्लाइट ३२, सिंगापूरहून नुकतंच उडालेलं. इंजिनची डिस्क फुटली, सू सिटीसारखीच. तुकडे पंखातून आरपार गेले, वायरींचे जुडगे तुटले, इंधन गळायला लागलं, हिरव्या सिस्टमचं तेल गेलं. पण एका घावात सगळं जाईल अशी जागा त्या विमानात ठेवलेली नव्हती. क्रूने जवळपास दोन तास हवेत राहून एकेक बिघाड तपासला आणि सिंगापूरलाच परत उतरवलं. विमानात ४६९ जण होते, एकालाही इजा झाली नाही.